पळण्याआधी आणि नंतर अ‍ॅक्युप्रेशर: कुठे दाबायचं, किती दाबायचं आणि कशाची आशा सोडायची

आमच्या रनिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फोटो फिरतो, तळपायाचा, त्यावर रंगीबेरंगी ठिपके आणि खाली लिहिलेलं की हे पाच पॉइंट दाबा, स्टॅमिना दुप्पट. लगेच वीस जण अंगठे टाकतात, दोन जण हात जोडतात आणि कोणीतरी एक मला टॅग करतं की ताई तुम्ही करता ना हे, खरं आहे का? दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळले म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

स्टॅमिना दुप्पट बिप्पट काही होत नाही. मी चार वर्षं करतेय, आधी मनापासून विश्वास ठेवून, मग संशयाने, मग चक्क वहीत मोजून, आणि माझा टायमिंग यामुळे सुधारला असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. पण रेसच्या आधीची पोटातली कालवाकालव, आदल्या रात्रीची गेलेली झोप, पळून आल्यावर लाकूड झालेले पाय, इथे थोडा फायदा जाणवतो, आणि पैसे शून्य लागतात. एवढीच अपेक्षा ठेवून पुढचं वाचा.

आधी एक गोंधळ मिटवू. तो तळपायाचा नकाशा, ज्यात टाचेत कंबर आणि अंगठ्यात डोकं असतं, ते रिफ्लेक्सॉलॉजी, वेगळं प्रकरण. अ‍ॅक्युप्रेशर म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरच्याच जागा, फक्त सुईऐवजी बोट. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत अशा 361 जागा आहेत, आपल्याला पाच-सहा पुरतात. (सुया टोचायची विद्या भारतात आली त्यात आपला सोलापूरचा धागा आहे बरं का. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक वैद्यकीय मदतीला चीनला गेलं, त्यात सोलापूरचे डॉ. कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस 1942 मध्ये तिकडेच वारले, पण त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू नंतर पुन्हा चीनला जाऊन हे शिकून आले आणि कलकत्त्यात सुरू केलं.)

आता दाबायचं कसं. नखं कापलेली पाहिजेत, हे पहिलं. अंगठ्याचा टोकाकडचा मांसल भाग ठेवायचा, एकदम घुसवायचा नाही, श्वास सोडताना हळूहळू वजन टाकायचं आणि "दुखतंय पण बरं वाटतंय" अशा जागी थांबायचं. म्हणजे दहापैकी सहा-सात. आजी पाय चेपून घेताना जो "हां हां तिथेच" असा आवाज काढते ना, तो आवाज यायला हवा, किंचाळी नाही. एका जागेवर एक ते दोन मिनिटं, दाबून धरा किंवा जागच्या जागी छोटे गोल फिरवा, दोन्ही चालतं. मी सुरुवातीला एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर एका माणसाकडून लाकडी काठीने दाबून घेतलं होतं, जितकं दुखेल तितकं विष बाहेर पडतं म्हणे, दुसऱ्या दिवशी नडगीवर रुपयाएवढा काळानिळा डाग आणि आठवडाभर पळणं बंद. विष वगैरे काही बाहेर पडत नाही, फक्त रक्त साकळतं.

अंतर मोजायला टेप नको. जिची जागा, तिचीच बोटं, हा नियम. स्वतःच्या अंगठ्याची रुंदी एक माप, चार बोटं जोडली की साधारण तीन मापं. उंच माणसाची बोटंही मोठी म्हणून हिशोब आपोआप जुळतो. नवऱ्याच्या पायावर माझी बोटं लावून मी महिनाभर चुकीच्या जागी दाबत होते.

सगळ्यात आधी नडगीशेजारची जागा, कारण पळणाऱ्यांमध्ये हिचं नाव सगळ्यात मोठं. चिनीत त्झू-सान-ली, पुस्तकांत एसटी 36. खुर्चीत बसा, गुडघा काटकोनात. गुडघ्याच्या वाटीची खालची कड शोधा, तिच्याखाली चार बोटं आडवी ठेवा, करंगळी जिथे आली तिथून नडगीच्या हाडाच्या कडेपासून बाहेरच्या बाजूला एक अंगठा सरका. बरोबर आलात का हे तपासायला पाऊल वर उचला, टाच जमिनीवर ठेवून, बोटाखाली स्नायू टरारून फुगला की जागा तीच. दाबलं की एक जडपणा घोट्याकडे उतरल्यासारखा वाटतो, काहींना काहीच वाटत नाही, तेही नॉर्मल.

या जागेच्या नावात "तीन ली" आहे, ली म्हणजे आजच्या हिशोबाने साधारण अर्धा किलोमीटर, आणि सांगतात असं की दमलेला माणूस इथे दाबून आणखी तीन ली चालायचा. जपानी कवी बाशो 1689 मध्ये लांबच्या पायी प्रवासाला निघाला तेव्हा त्याने निघण्याआधी याच जागेवर वाळलेल्या वनस्पतीचा शेक घेतल्याचं स्वतः लिहून ठेवलंय, म्हणजे प्री-रन रुटीन किती जुनं बघा. पण गोष्ट गोष्टीच्या जागी. दीड किलोमीटर जास्तीचं मिळतं असं समजून वॉर्मअप सोडू नका. मी ही जागा पळायच्या वीसेक मिनिटं आधी दोन्ही पायांवर दोन-दोन मिनिटं दाबायचे आणि मग नेहमीचा वॉर्मअप पूर्ण करायचे, आधी दाबणं मग वॉर्मअप, उलटं केलं की बसून बसून अंग पुन्हा थंड होतं.

दुसरी जागा माझी लाडकी, मनगटाची, पीसी 6. तळहात वर करा, मनगटाची घडी असते तिथून कोपराकडे तीन बोटं मोजा. मूठ हलकी आवळून मनगट जरा आत वाकवलं की मधोमध दोन दोऱ्या वर येतात, त्या दोघींच्या मध्ये. (काही जणांच्या हातात त्यातली एक दोरी जन्मतः नसतेच, घाबरू नका, मग मधली जागा अंदाजाने घ्या.) मळमळीसाठी ही जागा प्रसिद्ध आहे, आणि या सगळ्या भानगडीत त्यातल्या त्यात बरा पुरावा हिच्याच बाजूने आहे. 2015 च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन म्हणजे झालेल्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) 59 चाचण्या आणि साडेसात हजारांवर पेशंट होते आणि ऑपरेशननंतरची मळमळ-उलटी खोट्या उपचारापेक्षा कमी झालेली दिसली. आता ऑपरेशनचा पेशंट आणि सकाळी साडेपाचला एनर्जी जेल खाऊन उभा असलेला रनर एक नाही, हे मान्य. तरी स्टार्टलाइनवर ज्यांच्या पोटात ढवळतं त्यांनी करून बघायला हरकत नाही. घाटात बसमध्ये ज्यांना लागतं त्यांच्यासाठी बटणवाला मनगटपट्टा मिळतो तो याच जागेसाठी असतो.

मी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला पहिल्यांदा गेले तेव्हा यवतेश्वरचा घाट आधी चढायचा आणि मग तोच उतरायचा या कल्पनेनेच रात्री झोप नाही, पहाटे उलटीसारखं. दुसऱ्या वेळी रांगेत उभी असताना आलटून-पालटून दोन्ही मनगटं दाबली, सोबत श्वास, चार मोजून आत आणि सहा मोजून बाहेर. उलटी आली नाही. ते दाबण्यामुळे, श्वासामुळे, की दुसरी वेळ होती म्हणून भीतीच कमी होती, कोण सांगणार. शेजारची मुलगी म्हणाली काकू हाताला लागलंय का, म्हटलं नाही गं, मीटर झिरो करतेय.

आदल्या रात्रीसाठी तीन जागा, यावर फार लिहीत नाही कारण सोप्या आहेत. भुवयांच्या मध्ये जिथे टिकली लावतो तिथे मधल्या बोटाने हलकं, अगदी हलकं. मानेच्या मागे कवटीखाली दोन बाजूंना दोन खड्डे असतात तिथे दोन्ही अंगठे, डोकं मागे टेकवून. आणि पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या घळीतून घोट्याकडे बोट सरकवत जा, दोन हाडं जिथे जवळ येतात त्याच्या अलीकडचा खोलगट भाग. पाच-सात मिनिटं, दिवे मालवून, फोन दुसऱ्या खोलीत. खरं सांगायचं तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवल्यानेच अर्धं काम होत असावं.

एक धोक्याची सूचना खास स्प्रिंट, वेटलिफ्टिंग, कबड्डी अशा एकदम जोर लावायच्या खेळवाल्यांना. हे शांत करणारे प्रकार मॅचच्या दहा मिनिटं आधी करू नका. तिथे थोडं पेटलेलं असणंच कामाचं असतं. ऐन उतरायच्या वेळी डोळे मिटून टिकलीची जागा दाबत बसलात तर जांभया देत मैदानात जाल. तालमीत पैलवानाची रगडून मालिश होते ती व्यायामानंतर, कुस्ती लागायच्या तोंडावर कोणी त्याला लोळवून चेपत बसत नाही, यातच सगळं आलं.

आता गोळे. पोटरीत गोळा आला, पेटका आला, की पहिलं काम दाबणं नाही, ताणणं. पाय सरळ, पाऊल स्वतःकडे ओढा, वीस-तीस सेकंद धरा, सुटेपर्यंत. सुटल्यावर मग बीएल 57: टाचा उचलून चवड्यांवर उभं राहिलं की पोटरीच्या मागे मधोमध उलट्या व्ही सारखी घळ दिसते, तिच्या टोकाला. गोळा आलेला असताना तिथे अंगठा खुपसला तर ब्रह्मांड आठवतं, मी केलंय, तुम्ही करू नका. सुटल्यावर हलक्या हाताने मिनिटभर, मग चाला. आणि घाटात पुन्हा पुन्हा गोळे येत असतील तर प्रश्न पॉइंटचा नसून बहुतेक वेळा ट्रेनिंगचा असतो, झेपेल त्यापेक्षा जोरात सुरुवात केलेली असते.

पळून आल्यावरचं वेगळं. साताऱ्यासारख्या ठिकाणी चढ दम काढतो पण खरी वाट उतार लावतो, मांड्या ब्रेक मारून मारून सोलून निघतात आणि ते दुखणं त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर येतं, चोवीस ते बहात्तर तासांत, जेव्हा जिना उतरताना कठडा धरून आडवं चालावं लागतं. त्या दुखऱ्या मांड्यांवर जोर लावू नका. त्याऐवजी संध्याकाळी आंघोळीनंतर नडगीची जागा, पोटरीची जागा आणि तळपायाचा खड्डा. पायाची बोटं आत मुडपली की चवड्याच्या मागे जो खळगा पडतो तो. तिथे अंगठ्याने जोर पुरत नाही, मी जमिनीवर टेनिस बॉल ठेवून त्यावर पाय फिरवते, लाटणंही चालतं पण मग ते लाटणं वेगळं ठेवा, सासूबाईंनी एकदा पकडलं आणि त्यावरून जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. वारीत मुक्कामाला पोचलेल्या वारकऱ्यांचे पाय तेल लावून चेपून देणारी मंडळी असतात, अडीचशे किलोमीटर चालणाऱ्यांना कोणी एसटी 36 सांगत नाही, पण हात बरोबर त्याच भागात जातो, पोटरी, नडगी, तळवा.

यात संशोधन काय म्हणतं? खेळाडूंवर अ‍ॅक्युप्रेशरचे जे प्रयोग झालेत त्यातले बरेच छोटे, मोजकी माणसं, आणि एक मोठी अडचण अशी की गोळीची खोटी गोळी बनवता येते पण दाबण्याचं खोटं दाबणं कसं बनवणार, दाबणाऱ्याला तर कळतंच की आपण कुठे दाबतोय. त्यामुळे कोणी ठामपणे "परफॉर्मन्स वाढतो" म्हणालं की सावध व्हा. जवळचा नातेवाईक म्हणजे स्पोर्ट्स मसाज, त्याचा 2020 मध्ये एक मोठा आढावा आला, 29 अभ्यास, हजारावर लोक, त्यात ताकद, उडी, स्प्रिंट, दमसास यातलं काही सुधारलं नाही, लवचिकता आणि नंतरचं दुखणं यात मात्र थोडा फायदा दिसला. मला स्वतःला अ‍ॅक्युप्रेशरचंही गणित असंच वाटतं. दाबल्याने दुखणं कमी का वाटतं याचं एक समजण्यासारखं उत्तर 1965 पासून आहे, मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांचं, की स्पर्श-दाबाचे संदेश मणक्यात दुखण्याच्या संदेशांची वाट थोडी अडवतात. आपटलेलं कोपर आपण आपोआप चोळतो ते त्यामुळेच.

कधी दाबायचं नाही हे नीट वाचा, बाकी विसरलात तरी चालेल. गरोदर असाल तर अंगठा-तर्जनीच्या बेचक्यातली जागा आणि घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वरची जागा परंपरेनेच वर्ज्य आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच दाबू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जोर नको. फुगलेल्या निळ्या शिरांवर नको. एकाच पोटरीत दुखणं, सूज, गरमपणा, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, तर तो गोळा नसून शिरेतली गुठळी असू शकते, तिथे चेपणं धोक्याचं, सरळ डॉक्टर. नडगीच्या हाडावर एका बोटाएवढ्या जागी टोचून दुखत असेल, पळताना वाढत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो, तिथे पॉइंट शोधत बसू नका. गळ्याच्या पुढे बाजूला जिथे नाडी लागते तिथे कधीच नाही, चक्कर येऊन पडाल. छातीत भरून आलं, डावा हात जड झाला, तर मनगटाचा पॉइंट नव्हे, अ‍ॅम्ब्युलन्स. आणि बागेत ते गोटे रोवलेले अ‍ॅक्युप्रेशर ट्रॅक असतात त्यावर डायबेटिसवाल्यांनी, ज्यांचे तळवे बधिर झालेत त्यांनी, अनवाणी चालू नये, जखम झालेली कळतच नाही.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, स्वतःवर तपासून बघा. माझं ऐकू नका, त्या ठिपक्यांच्या फोटोचं तर नाहीच. एक ठरलेला रूट घ्या, मी टेकडीचा नेहमीचा चढ घेतला, पाच किलोमीटरचा. बारा वेळा पळायचं, आठवड्यातून दोनदा, शक्यतो त्याच वेळी, तेवढाच चहा पिऊन. प्रत्येक वेळी निघण्याआधी नाणं उडवा. छापा आला तर नडगीची खरी जागा दोन-दोन मिनिटं. काटा आला तर तेवढाच वेळ तेवढ्याच जोराने पोटरीच्या बाजूला कुठेतरी, जिथे कुठलाच पॉइंट नाही. नुसतं बसून राहू नका, नाहीतर बसून राहणं विरुद्ध दाबणं अशी तुलना होते आणि दाबणारं जिंकणारच. एका बाजूचे सहा झाले की नाणं बंद, उरलेले सगळे दुसऱ्या बाजूचे.

वहीत तीन आकडे. एकूण वेळ. थांबल्यावर एका मिनिटाने नाडी. आणि किती जड गेलं याचा आकडा, त्यासाठी बोर्गची पट्टी वापरा, 6 ते 20, सहा म्हणजे सोफ्यावर लोळणं आणि वीस म्हणजे आता मेलो. ती 6 पासून का सुरू होते असं सगळे विचारतात, कारण आकड्याला दहाने गुणलं की साधारण हृदयाचे ठोके येतात असा तिचा मूळ हिशोब. आकडा थांबल्या थांबल्या लिहा, घरी येऊन पोहे खाल्ल्यावर सगळंच सोपं गेलेलं वाटतं.

माझे बारा झाले तेव्हा वेळेत फरक शून्य, म्हणजे सरासरी काही सेकंदांचा, तोही चुकीच्या जागेच्या बाजूने. नाडीत काही नाही. जड वाटण्याचा आकडा छाप्याच्या दिवशी जवळजवळ एकाने कमी. मी खुश झाले, पण नवरा म्हणाला तुला तर माहीतच होतं ना कुठे दाबलंय. बरोबर होतं त्याचं. मग दुसऱ्या फेरीत नाणं त्याने उडवलं आणि त्यानेच दाबलं, मला न सांगता, पण चार वर्षांनंतर मला जागा अंगठा टेकताच कळते, त्यामुळे तो प्रयोग दुसऱ्याच दिवशी बारगळला. त्यापेक्षा तुम्ही नवीन असाल तर तुमचीच संधी चांगली आहे. कोणाला तरी हे शिकवा, तुम्ही वाचूच नका ही जागा कुठे आहे ते, आणि त्यांना दाबू द्या. आता वाचलंत, तर घरातल्या दुसऱ्या कोणावर तरी करा.

सध्या मी रेसच्या सकाळी फक्त मनगटं दाबते, नडगी पळून आल्यावर, बाकी सोडून दिलं. नाणं बुटांच्या कपाटात तसंच ठेवलंय. नवरा जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन पळणार आहे आणि त्याने अजून यातलं काही वाचलेलं नाही, त्यामुळे पुढचे बारा रन त्याचे, दाबणार मी, आणि वही दोघांपैकी कोणी शेवटपर्यंत उघडायची नाही असं ठरलंय.